रमाक्कांची दुसरी फिल्म

मल्लेश्वरममधल्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले, त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. प्रार्थनेच्या रांगांमागे उभी होते, तर कुणीतरी माझ्या पाठीला दोन बोटं लावली. बरोबर खांद्यांच्या मधोमध. दचकून वळले तर मागे एक उंच, सावळी बाई. पांढरं पाचवारी पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी.

"इथं वाकायलीस," त्या हळूच मराठीत म्हणाल्या. "नवी आहेस म्हणून सांगते. पोरी आपल्याकडं बघून उभ्या राहतात."

मी मराठी आहे हे त्यांनी हजेरीपटावरच्या आडनावावरून ओळखलं होतं. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते आणि सहा महिन्यांत घराबाहेर ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. तेही माझी चूक काढणारं. तरी इतकं बरं वाटलं की मी दिवसभर ताठ बसले.

या रमाक्का निपाणीकर, शाळेच्या ड्रिल टीचर. सातशे मुलींना त्या एका शिट्टीवर थांबवत. मुलींशी कानडी, हेडमिस्ट्रेसशी इंग्रजी, माझ्याशी निपाणीकडचं मराठी, आणि तिन्ही भाषांत बहुतेक वेळा एकच वाक्य. "नेट्टगे निल्लू", म्हणजे सरळ उभी राहा. बसस्टॉपवर परक्या बाईलाही त्या हे सांगत. आश्चर्य म्हणजे बाई रागावत नसे. खांदे मागे घेत असे.

स्टाफरूममध्ये त्या खुर्चीला कधी टेकून बसल्या नाहीत. डब्यात नाचणीची भाकरी, दाण्याची चटणी आणि दही. जेवण झालं की दहा मिनिटं उन्हात उभ्या राहायच्या, डोळे मिटून. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "स्वल्प ऊन खायलोय." घर तिसऱ्या गल्लीत, दोन खोल्यांचं. एकट्या राहायच्या. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा विषमज्वरानं गेला होता. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या.

त्या वयात निपाणीच्या घरात बसून राहायचं त्यांच्या नशिबी आलं असतं. ते टळलं नवऱ्याच्या एका मित्रामुळे. माधवराव टेंबे. त्यांनी रमाक्कांच्या सासऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं, स्वतः येऊन भांडले आणि या विधवा मुलीला मॅट्रिक करून मद्रासला व्यायामशिक्षणाच्या कोर्सला पाठवलं. पुढे ते बंगळूरला एका संशोधनसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांच्याच शब्दावर रमाक्कांना ही नोकरी मिळाली. दर भाऊबीजेला त्या टेंब्यांकडे ओवाळायला जात. "मी उभी आहे ती माधवभाऊंमुळं," असं त्या म्हणायच्या, आणि ते ऐकताना त्यात काही अतिशयोक्ती वाटत नसे.

टेंब्यांना आम्ही सगळे डॉक्टर म्हणत असू, जरी त्यांनी कधी कुणाची नाडी पाहिली नव्हती. गोरे, मृदू बोलणारे, खादीचा कोट. बंगळूरच्या मराठी कुटुंबांत त्यांना मोठा मान. माझ्या यजमानांना कारखान्यात लावलं तेही त्यांनीच.

दर जूनमध्ये शाळेच्या मागच्या हॉलमध्ये मुलींची उंची मोजली जायची. भिंतीला फुटाच्या खुणांची लाकडी फळी होती. सगळ्या मुली झाल्या की शेवटी रमाक्का स्वतः फळीला टेकून उभ्या राहायच्या आणि सर्वांत लहान मुलीला स्टुलावर चढवून आकडा वाचायला लावायच्या. पाच फूट चार इंच. मुली टाळ्या वाजवायच्या. मोठेपणी माणूस उंच होत नाही, पण आहे तेवढा राहू शकतो, हे त्यांना शिकवायचं असे.

मी शाळेत आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, एक दिवस त्यांनी मला ग्राउंडच्या कडेला गाठलं. "माझी पाळी गेली," त्या म्हणाल्या. पाऊस गेला म्हणावं इतक्या साधेपणानं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्या आईची गेली, तेव्हापासनं ती दुमडत गेली बघ. शेवटी पोळपाटासारखी आडवी. मला ते नको आहे, सुधा. बाकी काही पण होऊ दे."

त्यांना घाबरलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं. ही भीती त्या साहजिकच माधवभाऊंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांकडे उत्तर तयार होतं. त्या वयानंतर बाईच्या शरीरात आम्ल वाढतं, ते शमवायला रक्त हाडांतला चुना ओढून घेतं. मग बाहेरून क्षार दिला तर हाडं वाचतील. महिनाभरात त्यांनी हे आमच्या मराठी मंडळाच्या बायकांसमोर मांडलं. टेबलावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या होत्या. दोन्हींत कोंबडीच्या तंगडीचं हाड, पहिलं आठवडाभर आम्लात, म्हणजे कडक शिरक्यात ठेवलेलं, दुसरं क्षाराच्या पाण्यात. हाड बघूनच पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावला. डॉक्टरांनी चिमट्यानं पहिलं हाड बाहेर काढलं, तेवढ्यात रमाक्का उठल्या, जन्मात मांसाला हात न लावलेल्या, आणि त्यांनी ते हाड चक्क हातात घेऊन वाकवलं. ते रिबिनीसारखं वाकलं. दुसरं वाकेना.

"बघा," त्या सभेकडे वळून म्हणाल्या. "आणि काय पाहिजे?"

पन्नाशीच्या आसपासच्या अकरा जणी त्या दिवशी तयार झाल्या. त्यांतल्या एक माझ्या सासूबाई. डॉक्टर संस्थेत तयार केलेली पांढरी पूड तपकिरी बाटल्यांतून पाठवत. जेवणानंतर चमचाभर पाण्यात. घेतली की जोराचा ढेकर यायचा. डाळ, दाणे, नाचणी कमी करायची, कारण त्यांनी आम्ल होतं. दही आंबट, म्हणून दहीही बंद करायचं हे बायकांनी आपणच ठरवलं. डॉक्टरांनी ते दुरुस्त केलं नाही. शिवाय रोज सकाळी लिटमस कागद लघवीत बुडवून रंग वहीत लिहायचा. हा शब्द उच्चारायलाच बायका तयार नव्हत्या. रमाक्कांनी पुढच्या बैठकीत तो भर हॉलमध्ये खणखणीत आवाजात चार वेळा उच्चारला. चौथ्या वेळी कुणी लाजलं नाही. दर शनिवारी दुपारी त्या अकरा घरी जाऊन बाटल्या पोचवायच्या, वह्या गोळा करायच्या, कुणी खाडा केला असेल तर रागवायच्या. आमच्या घरी आल्या की सासूबाई माझ्याकडे बघत आणि म्हणत, "तुमच्या टीचरबाई आल्या, आता मला दंड बैठका काढायला लावतील." पण चमचा न चुकता घेत.

रमाक्कांच्या डब्यातली भाकरी गेली. उकडलेला बटाटा, पालेभाजी, पपई. अंगानं त्या वाळल्या. सुरुवातीलाच डॉक्टरांनी एका ओळखीच्या क्ष-किरण तज्ज्ञाकडून त्यांच्या पाठीची फिल्म काढून घेतली होती, आणि दोन वर्षांनी दुसरी. दुसऱ्या फिल्मचा निकाल घेऊन त्या स्टाफरूममध्ये आल्या तो दिवस मला आठवतो. एरवी त्या कधी गोडधोड वाटत नसत. त्या दिवशी संपिगे रोडवरून म्हैसूरपाक आणला होता.

"माधवभाऊ म्हणाले, उत्तम आहे. तिशीतल्या बाईचा कणा वाटतो म्हणाले."

त्याच जूनमध्ये, उंची मोजताना, स्टुलावर चढलेली लहान मुलगी बराच वेळ फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच फूट तीन, मिस. त्याच्यापण थोडं खाली." रमाक्का हसल्या. "फळी सरकली असेल," म्हणाल्या, आणि शिपायाकडून फळीचे खिळे पुन्हा ठोकून घेतले. मी गणिताची बाई. फळी जिथल्या तिथे होती हे मला दिसत होतं. पण तिशीतल्या बाईचा कणा म्हटल्यावर मी काय बोलणार?

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत त्या मुलींना बाकावरून उडी कशी घ्यायची ते दाखवत होत्या. बाक दीड फूट उंचीचं. त्या नीट उतरल्या, तोल जरासा गेला, त्यांनी हात टेकला. काडी मोडावी तसा आवाज आला. मनगट होतं. रिक्षानं हॉस्पिटलात नेलं. तिथले हाडांचे डॉक्टर म्हातारे होते, म्हैसूरकडचे. मनगट बघून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पाठीचीही फिल्म काढली आणि दोन मणके दबलेले दाखवले. जुन्या फिल्म असल्या तर आणा म्हणाले.

जुन्या दोन्ही फिल्म टेंब्यांकडे होत्या. रमाक्कांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टर कामावर होते. सुलभावहिनी, त्यांच्या पत्नी, वयानं रमाक्कांच्याच बरोबरीच्या, स्वयंपाकघरात जेवत होत्या. ताटात नाचणीची मुद्दी, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, पातळ सारू, वाटीभर दही. रमाक्का बघत राहिल्या.

"वहिनी, तुम्ही पूड घेत नाही काय?"

"छे गं. सुरुवातीला मीच विचारलं होतं. हे म्हणाले तुला नको, तुझं पोट नाजूक. खात होतीस तेच खा म्हणाले." वहिनी अगदी निर्मळपणे बोलत होत्या. त्यांनी हात धुऊन कपाटातून मोठं पिवळं पाकीट काढून दिलं. "हेच ना तुमच्या फिल्मचं?"

गेटाबाहेर येऊन गुलमोहराखाली आम्ही पाकीट उघडलं. आत दोन फिल्म होत्या, आणि दुसरीला टाचलेलं एक टाइप केलेलं पत्र. क्ष-किरण तज्ज्ञानं टेंब्यांना लिहिलेलं. रमाक्कांचा चष्मा घरी राहिला होता. मी वाचलं. आधीच्या फिल्मशी ताडून पाहता मणक्यांतला चुना स्पष्टपणे घटला आहे, एक मणका दबू लागला आहे, या बाईंना उड्या आणि वजन उचलणं बंद करायला सांगावं, आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवावं.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

तारीख म्हैसूरपाकाच्या आठवड्यातली होती.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली आणि म्हणाल्या, "चल, इथंच थांबू या. ते येतील आता."

डॉक्टर आले. आम्हांला व्हरांड्यात बसवलं. पाकीट बघून त्यांचा चेहरा क्षणभरच बदलला. "बघू ते पत्र," म्हणाले. रमाक्कांनी दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, जणू प्रथमच वाचत होते.

"माधवभाऊ, मला उत्तम म्हणालात तुम्ही."

"रमाताई, नीट ऐका. तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. तुम्हांला सांगितलं असतं, तर तुम्ही थांबवलं असतं. तुम्ही थांबलात की बाकी अकरा जणी थांबल्या असत्या. सगळं वाया गेलं असतं."

"पुडीनं झालं हे, की पूड घेऊन पण झालं?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. मला वाटतं त्या दुपारी ते एवढंच खरं बोलले. "तेच तर शोधत होतो."

"आणि मी बाकावरनं उड्या मारत होते. ते पण माहीत होतं तुम्हांला."

पत्राची घडी घालून डॉक्टरांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मी ते पाहिलं. रमाक्कांनीही पाहिलं असणार, पण परत मागितलं नाही. ज्या माणसानं आपल्यासाठी चार पानी पत्र लिहून सासऱ्यांशी भांडण केलं, तो माणूस हे पत्र नाकारेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या म्हैसूरकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिन्ही फिल्म उजेडात धरून शांतपणे समजावलं. पाळी गेल्यावर बाईची हाडं विरळ होतात, कुणाची जास्त, कुणाची कमी. आई वाकली असेल तर लेकीनं जपावं. रक्त म्हणजे शिरका नव्हे, आम्ल आणि क्षाराचा तोल मूत्रपिंडं आणि फुप्फुसं राखतात. क्षारानं हाडं राहतात का, कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. डाळ, दही, नाचणी सोडून मात्र काही भलं झालेलं नाही. रमाक्कांनी विचारलं, पूड घेतली नसती तर मी वाकले नसते काय? ते म्हणाले, "अम्मा, तेही सांगता येत नाही."

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "हाडं वयानं गेली म्हणू या. ते मी कुणावर घालत नाही. पण मला खोटं सांगितलं, ते काय वयानं नव्हे."

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा अकरा घरांकडे निघाल्या. गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेला, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी. प्रत्येक घरी एकच बोलणं. मी सांगितलं म्हणून तुम्ही घेतलंत. माझी चूक झाली. बंद करा आणि पूर्वीसारखं जेवा. तिघींनी बाटल्या दिल्या. काही जणी म्हणाल्या डॉक्टरांना विचारून बघतो. एकीनं दार लोटून घेतलं.

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा मी घरीच होते. सासूबाई म्हणाल्या, "टीचरबाई, तुमचं हाड मोडलं याचं मला वाईट वाटतं. पण त्या देवमाणसानं तुमचं आयुष्य उभं केलं, आणि तुम्ही त्यांच्याविरुद्ध घरोघरी बोलत फिरता?"

"विरुद्ध कुठं बोलायलोय, वहिनी. झालं ते सांगायलोय."

"पाणी घेणार का?" सासूबाईंनी विचारलं. त्या नको म्हणून गेल्या.

बोभाटा झाला. मंडळाच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. हॉल भरला होता. टेंबे उठले आणि आपल्या मृदू आवाजात म्हणाले की रमाताई त्यांना सख्ख्या बहिणीसारख्या आहेत, त्यांना या आजाराचा धक्का बसला आहे हे त्यांना समजतं. फिल्म वाचायला तज्ज्ञ लागतो. आपण जाणूनबुजून काही लपवलं नाही.

रमाक्का म्हणाल्या, "पत्र होतं. टाइप केलेलं. तुमच्या खिशात ठेवलंत."

"असं काही पत्र मला आठवत नाही," डॉक्टर म्हणाले.

रमाक्कांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. व्हरांड्यातही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. तिथे त्यांना माधवभाऊंचं खोटं कळलं होतं, पण ते प्रयोगासाठी बोललेलं खोटं. हे वेगळं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "ते पत्र आणखी कुणी पाहिलंय का?"

मी तिसऱ्या रांगेत होते. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला माझे यजमान. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरानं नाही, नुसता ठेवला. यजमान समोर बघत होते. रमाक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मुद्दाम होतं हे मला कळत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी उठले असते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी ते घेतलं नाही. मी उठले नाही. अध्यक्षांनी गैरसमज मिटला असं जाहीर केलं, चहा आला.

शाळेत त्यानंतरही आम्ही चार वर्षं एकत्र होतो. त्या माझ्याशी बोलायच्या. वेळापत्रक, मुलींच्या हजेरीची बेरीज, शिक्षणाधिकाऱ्यांची भेट. फक्त माझ्या पाठीला परत कधी बोट लावलं नाही. हळूहळू त्यांची पाठ दुमडू लागली. त्या मुलींना बसून शिकवू लागल्या, उंची मोजण्याचं काम मला दिलं, आणि मुदतीआधी नोकरी सोडली. भाऊबीजेला त्या टेंब्यांकडे गेल्या नाहीत. सुलभावहिनी मात्र दर वर्षी एकट्याच त्यांच्या दोन खोल्यांत फराळाचा डबा घेऊन जात, हे मला फार उशिरा कळलं. टेंब्यांचं पुढे काही छापून आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या सासूबाईंनी पूड आणखी दोन वर्षं घेतली. त्यांचं एकही हाड मोडलं नाही. त्या ताठ पाठीनं गेल्या. या सगळ्यातून काही सिद्ध होत नाही, एवढं गणित मला येतं.

रमाक्का निपाणीला पुतण्याकडे कायमच्या जाणार असं कळलं, तेव्हा मी यशवंतपूर स्टेशनावर गेले. दिवसाची गाडी होती. बाजारच्या पोत्यांनी प्लॅटफॉर्म अडलेला. पुतण्या सामान चढवत होता, त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. मी समोर उभी राहिले तर त्यांना माझा चेहरा दिसेना, म्हणून मी उकिडवी बसले.

"रमाक्का, त्या दिवशी बैठकीत मी..."

"नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तू का उठली नाहीस हे मी विचारलं नाही. तू सांगू पण नको. सांगितलंस तर मला समजून घ्यावं लागेल. माधवभाऊंचं समजून घेता घेता माझं संपलंय सगळं."

"मला एवढंच म्हणायचं होतं, की मी पत्र वाचलं होतं."

"ते मला माहीत आहे की, सुधा. मलाच वाचून दाखवलंस."

पुतण्यानं हात देऊन त्यांना डब्यात चढवलं. बेळगावला उतरून पुढे बसनं जायचं होतं. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, पण त्यांनी तोपर्यंत पाय वर घेतले होते आणि समोरच्या बाईला कानडीत विचारत होत्या की ती कुठपर्यंत जाणार आहे, मूल किती वर्षांचं आहे. बाईनं काहीतरी सांगितलं. रमाक्कांनी हात पुढे करून ते मूल मांडीवर घेतलं. गाडी हलली. मी थोडं बरोबर चालत गेले. त्या मुलाशी बोलत होत्या.